हाव, मीच बोलून राहिले

कानाच्या मशीनची कंपनी. तिचं गिऱ्हाईक कोण, तर बहिरे. आणि मशीन बिघडलं तर तक्रार कशी करायची, तर फोनवर बोलून. हे ज्यानं ठरवलं त्याला एकदा समोर बसवायचंय मला. काही करणार नाही, नुसतं बघणार आहे, माणूस दिसतो तरी कसा.

मी स्वतः मशीन लावत नाही. सहा वर्षांची असताना ताप डोक्यात गेला आणि त्यात कान गेले. तेव्हा असली मशीनं आमच्या उमरीत कुणी पाहिली नव्हती. सहा वर्षं ऐकलं होतं, म्हणून मला बोलता येतं. म्हणजे मी बोलते आणि समोरचा तोंड वाकडं करतो. लहानपणी वाटायचं, माझंच काहीतरी चुकतंय. नवरा जन्मापासूनचा बहिरा. नांदेडला छापखान्यात आहे, लग्नपत्रिका छापतो. तिथल्या खडखडाटानं ऐकणाऱ्यांची डोकी उठतात आणि हा पठ्ठ्या दिवसभर मजेत. मी विष्णुपुरीच्या रस्त्याला, घरातच ब्लाऊज शिवते. आम्ही हातांनी बोलतो. भांडतोही हातांनीच, आणि चांगलं कडाक्याचं भांडतो.

आम्हाला एकच लेक, आठ वर्षांची. तीही बहिरी. तिसऱ्या वर्षी सरकारी योजनेतून तिचं ऑपरेशन झालं. कानाच्या आत तार बसवली. ती आत राहते आणि बाहेर कानामागे एक मशीन, त्याला जोडलेली चकती केसांत लोहचुंबकानं चिकटते. माझं मन नव्हतं. पोरीला आमची भाषा येत होती, दोन वर्षांची असताना ती हातांनी गोष्टी सांगायची. सासू म्हणाली, "तुमी दोघं असे. तिला तरी तोंड फुटू द्या." मी चिडून चार दिवस सासूशी बोलले नाही. तिला ते कळलंसुद्धा नसेल, कारण तसंही ती माझं ऐकून कधी घ्यायची? पण शेवटी सही केली. आणि खरं सांगायचं तर आज मला त्याचा पस्तावा नाही. लेक ऐकते. साध्या मराठी शाळेत जाते, बाकावरच्या भांडणाच्या बातम्या आणते, शेजारच्या काकूंशी गप्पा हाणते. त्या काकूंना इतक्या वर्षांत माझं एक वाक्य धड कळलेलं नाही.

दिवाळीची सुट्टी संपली आणि ते मशीन बंद पडलं. बॅटरी बदलली, चकती बदलली, कापडानं पुसलं, तांदळाच्या डब्यात ठेवून बघितलं. हिरवा दिवा लागायचा, तो काही लागेना. दोन दिवस तशीच शाळेत पाठवली. तिसऱ्या दिवशी वहीत बाईंची चिठ्ठी आली. मशीन दुरुस्त होईपर्यंत मुलीला घरीच ठेवावे, वर्गात तिला काही समजत नाही आणि इतरांचे लक्ष जाते. इतरांचे लक्ष जाते म्हणे. लेकीनं चिठ्ठी वाचली होती. तिनं दप्तर खुंटीला टांगलं आणि माझ्यासमोर येऊन विचारलं, "किती दिवस?"

मशीनची हमी महिनाअखेर संपत होती. हमीत दुरुस्त झालं तर झालं, नाहीतर नवं घेणं आमच्या ऐपतीतलं नाही, एवढं सांगते आणि पैशाचं सोडते. हमीत घ्यायचं तर आधी कंपनीकडून तक्रार नंबर मिळाला पाहिजे. नंबर फक्त हेल्पलाइनवर मिळतो. म्हणजे गोष्ट साधी होती. महिनाअखेरपर्यंत नंबर मिळाला तर लेक शाळेत, नाही मिळाला तर घरात.

मी आधी मेल केला. नीट, शुद्ध, सविस्तर. मी बहिरी आहे, कृपया लिहूनच उत्तर द्यावे, हे दोनदा लिहिलं, आणि मेसेजसाठी माझा नंबर दिला. उत्तर लगेच आलं. आपल्या सोयीसाठी आमचे प्रतिनिधी आपल्याला लवकरच फोन करतील. माझ्या सोयीसाठी. दोन दिवसांनी दुसरा मेल: आपल्याशी तीन वेळा संपर्काचा प्रयत्न केला, प्रतिसाद न मिळाल्याने विनंती बंद करण्यात येत आहे. मी परत लिहिलं, त्यांनी परत फोन केला. मी मशीनवर ब्लाऊजची बाही जोडत होते, फोन बाजूला थरथरत होता. उचलून करू काय?

तरी एकदा केला मी स्वतः फोन. खोटं कशाला बोलू. आमच्यासारख्याला फोन उचलला गेला हे एकाच गोष्टीवरून कळतं, पडद्यावर सेकंद पळायला लागतात. सेकंद पळायला लागले तसं मी दार लावून घेतलं आणि बोलले. माझं नाव, लेकीचं नाव, मशीन बंद आहे, तक्रार लिहून घ्या. प्रत्येक वाक्य तीनदा म्हटलं, सावकाश, लहानपणी आई म्हणायला लावायची तसं. एकेचाळीस सेकंदांनी फोन बंद झाला. तिकडं कुणी होतं, की नुसतं टेप वाजत होतं, देव जाणे. घामानं फोन ओला झाला होता.

आता तुम्ही विचाराल, मग मशीन बसवल्यापासून पाच वर्षं हिनं काय केलं? मागच्या वर्षापर्यंत माझ्या वतीनं आक्का बोलली.

आक्का माझी थोरली बहीण. ऐकणारी. लातूरला दिली होती, बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान. आमच्या खुणांच्या भाषेत प्रत्येक माणसाला एक खूण असते, हाक मारायला. आक्काची खूण म्हणजे नाकपुडीवर टेकवलेलं बोट, कारण तिची नाकातली चमकी लांबून दिसायची. माझे कान गेल्यावर सगळं घर रडत बसलं, आणि दहा वर्षांची आक्का तेवढी हातांनी बोलायला शिकली. पुढं मला मूकबधिरांच्या शाळेत घातलं, तेव्हा दर सुट्टीत माझ्याकडून ती नव्या खुणा शिकायची. मला लिहायलाही तिनंच लावलं. रोज एक पान, काहीही लिही पण लिही. म्हणून आज मी हे लिहू शकते.

गॅस, बँक, शाळा, दवाखाना, आणि ही कंपनी. सगळीकडं आक्का फोन करायची, तो माझ्याच नावानं. कंपनीकडं माझ्या नावाखाली नंबरही तिचाच दिलेला. ती नांदेडला आलेली असली की मला समोर बसवायची. उजव्या हातात फोन, डावा हात माझ्यासाठी मोकळा. तिकडून विचारायचे, आपणच बोलताय का? आक्का म्हणायची, "हाव, मीच बोलून राहिले, सांगा." ते वाक्य मला ओठांवरून पाठ झालं होतं. मग ती माझी जन्मतारीख सांगायची, माझा पत्ता, माझ्या लेकीचं नाव, आणि डाव्या हातानं मला बातमी द्यायची. हा माणूस झोपेतून उठून बोलतोय. ही बाई चांगली आहे. थांबवून ठेवलंय, गाणं लावलंय, भिकार गाणं आहे. आम्ही हसायचो. लातूरहून असंच बोलणं व्हिडिओ कॉलवर चालायचं, दोन फोन घेऊन.

एकदा मी तिला म्हटलं होतं, सांग ना त्यांना, मी बहिरी आहे म्हणून. ती म्हणाली, "कशाला? उगा लई प्रश्न विचारतेत. त्याच्यापेक्षा मी म्हंजी तू. पाच मिंटात काम होऊन राहिलंय न्हवं?" मला पटलं. आळस म्हणा, लाज म्हणा. आपण बहिरे आहोत हे दर वेळी नव्यानं सांगायचा आणि तिकडून येणारी ती कीव गिळायचा कंटाळा येतो माणसाला. खोटं बोलतोय असं दोघींनाही कधी वाटलं नाही.

मागच्या वर्षी आक्का गेली. सकाळी छातीत दुखलं, दुपारी नव्हती. मी पोचेपर्यंत अंगणात माणसं बसली होती आणि सगळ्यांचे ओठ एकदम हलत होते. त्या दिवशी पहिल्यांदा मला कुणाचंच काही कळेना, कारण सांगणारी आत पडली होती.

तर मशीन बंद पडलं तेव्हा हे असं होतं. आक्का नाही. नवऱ्यानं छापखान्यातल्या एका पोऱ्याला फोन लावायला सांगितला, पण पोऱ्या पुरुष, खातं माझं. त्यांनी फोन ठेवून दिला. मग नवऱ्याच्या मित्रानं सांगितलं की एका संस्थेनं बहिऱ्यांसाठी ॲप काढलंय. त्यात आपण दुभाष्याला व्हिडिओ कॉल करायचा. तो दुसऱ्या फोनवरून कंपनीला फोन लावतो. आपण हातांनी सांगायचं, तो तोंडानं बोलतो. ते बोलले की तो आपल्याला हातांनी सांगतो. मला इतका आनंद झाला की मी त्या मित्राला डबा पाठवला.

ॲप सकाळी दहा ते पाच चालतं, रविवारी बंद. पडद्यावर एक मुलगी आली. काळा कुर्ता, मागं निळा पडदा, केस घट्ट बांधलेले. तिकडं इंदूरला बसलेली. तिच्या काही खुणा आमच्यापेक्षा निराळ्या, पण पाच मिनिटांत जुळलं. तिनं आधीच सांगितलं, मी तुमच्या जागी बोलणार, तुम्ही 'मी' म्हणालात की मीही 'मी'च म्हणणार, आणि माझ्या मनाचं एक अक्षर घालणार नाही. नियमच आहे तसा. मला तो नियम फार आवडला.

पहिला फोन थांबवून ठेवण्यात गेला. ती बिचारी बोटांनी हवेत लाटा काढून सांगायची, गाणं चालू आहे. वीस मिनिटं लाटा. मग लाईन कट. दुसऱ्या फोनला बाई लागली, पण मी हातांनी सांगेपर्यंत तिकडं शांतता. ती म्हणाली, आवाज येत नाही, आणि ठेवला. तिसऱ्या वेळी दुभाषी मुलीनं आधीच बजावलं, ग्राहक बहिरी आहे, मधे मधे शांतता राहील, फोन ठेवू नका. तिकडच्या माणसानं विचारलं, मग आपण कोण? दुभाषी. म्हणजे ग्राहक नाही? मी त्यांच्याच शब्दांत बोलते आहे. सॉरी मॅडम, आमच्या नियमात तिऱ्हाईताशी बोलता येत नाही, ग्राहकाला फोन द्या. तिनं सांगितलं, ग्राहक माझ्यासमोर आहे, पण तिला ऐकू येत नाही. तो म्हणाला, ठीक आहे, मग त्यांना ऐकू येईल तेव्हा फोन करा. हे तिनं मला जसंच्या तसं करून दाखवलं. तिचा चेहरा कोरा होता, पण कानाची पाळी लाल झाली होती. मी एकटीच मोठ्यानं हसले. मला हसताना बघून लेक धावत आली, काय झालं म्हणून.

लेक तेव्हा माझ्यामागंच असायची. घरात बसून बसून तिनं पाटीवर शाळा मांडली होती. बाहुल्या बाकावर आणि ही बाई. एक बाहुली मात्र भिंतीकडं तोंड करून ठेवलेली. मी विचारलं, हिला शिक्षा का? ती म्हणाली, शिक्षा नाही, हिचं मशीन बंद आहे. मी आत जाऊन पातेलं घासत बसले, आधीच घासलेलं.

चौथा फोन महिना संपायला पाच दिवस उरले तेव्हाचा. यावेळी तिकडं एक समजूतदार बाई लागली. म्हणाली, हरकत नाही, मी ग्राहकाची ओळख पटवून घेते, मग तुमच्यामार्फत बोलते. जन्मतारीख विचारली, बरोबर. पत्ता बरोबर, लेकीचं नाव, ऑपरेशनचं वर्ष, मशीनच्या पाठीवरचा नंबर. सगळं बरोबर. मी उभी राहून बोलत होते, बसवेना. नवरा दारात बूट हातात घेऊन थांबला होता, छापखान्याला उशीर करून.

मग दुभाषी मुलीचे हात थांबले. ती ऐकत होती. बराच वेळ ऐकत होती. मग तिनं सांगितलं, "त्या म्हणतात, आमच्या नोंदीत तुमचे पाच वर्षांतले सगळे फोन आहेत. प्रत्येक वेळी तुम्ही स्वतः बोलला आहात. तुम्हाला उत्तम ऐकू येतं, उत्तम बोलता येतं. तुम्ही बहिऱ्या आहात असं कुठंही लिहिलेलं नाही. मग आज कशा काय?"

नवऱ्यानं खुणेनं विचारलं, काय म्हणते? मी त्याला हातानंच थांबवलं.

काय सांगणार होते मी? मागच्या महिन्यात कान गेले म्हणून सांगता आलं असतं. आक्का असती तर तिनं तेच ठोकलं असतं आणि पाच मिनिटांत नंबर घेतला असता. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझे शब्द जसेच्या तसे पलीकडं जात होते. त्यात खोटं घालायचं माझ्या जिवावर आलं. मी खरं सांगितलं. ती माझी बहीण होती. मला फोनवर बोलता येत नाही म्हणून ती बोलायची. दुभाषी मुलीनं माझ्याकडं बघितलं. सांगू ना, असं डोळ्यांनी विचारलं. मी म्हटलं, सांग. तिनं सांगितलं.

तिकडची बाई एकदम सावध झाली. म्हणजे इतकी वर्षं दुसरीच कुणी ग्राहक म्हणून बोलत होती? मग त्या बहिणीला फोन द्या. मी सांगितलं, ती वारली. मग दुभाषी मुलीनं तळहात छातीवर ठेवून खाली नेला, वाईट वाटलं. ते कंपनीच्या बाईचं होतं की तिचं स्वतःचं, मी विचारलं नाही. त्याच्यामागून लगेच पुढचं आलं. खातं तपासणीसाठी थांबवण्यात येत आहे. ते चालू करायचं असेल तर ग्राहकानं नोंदवलेल्या नंबरवरून फोन करून, स्वतःच्या आवाजात खात्री पटवावी.

मी म्हटलं, कोणता आवाज? ते मात्र दुभाषी मुलीनं विचारलं नाही, कारण तिकडून फोन ठेवला होता.

नवरा बूट घालून कामाला गेला. जाताना एवढंच म्हणाला, खरं कशाला सांगितलंस? मी त्याच्या पाठीवर कात्रीची पिशवी फेकली. ती लागली नाही, पण त्याला जमिनीच्या हादऱ्यावरून कळलं असणार. वळला नाही.

दुसऱ्या दिवशी लेकीला घेऊन सकाळच्या एसटीनं लातूर गाठलं. कंपनीची मशीनं विकणारं एक दुकान तिथं आहे. वाटलं, समोरासमोर माणूस भेटला तर माणसासारखा वागेल. वागला बिचारा. पाणी दिलं, मशीन उघडून बघितलं, कागदावर लिहून दिलं, आतली पट्टी गेली आहे, हमीत फुकट बदलून मिळेल, आठ दिवसांत. मी लिहिलं, मग घ्या. त्यानं लिहिलं, तक्रार नंबर? मी सगळी हकिकत लिहून काढली, पान भरून. त्यानं वाचली, दोन्ही हात वर केले आणि लिहिलं, ताई, नंबरशिवाय सिस्टीम घेतच नाही.

तिथून आक्काच्या घरी गेलो. आता घरात मेहुणे आणि भाची. भाची म्हणजे आक्काची मुलगी, कॉलेजात शिकते. आईसारखीच लहानपणापासून हातांनी बोलते. लेक तिच्या गळ्यात पडली. मी चहा घेता घेता सगळं सांगितलं. माझे हात इतके जोरात चालले होते की मेहुणे उठून दुकानात गेले. भाचीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मावशी, नंबर आईचाच दिलेला हाय न्हवं? आईचं सिम माझ्याकडंच हाय. आन् आवाज सेम हाय म्हणतेत सगळे. फोनवर बाबाबी फसतेत." मी म्हटलं, नको. ती म्हणाली, "चारच दिवस राह्यलेत." आणि लेकीकडं बघितलं. लेक कपाटाच्या आरशासमोर बंद मशीन कानाला लावून बघत होती.

मी म्हटलं, लाव.

ती आक्काच्याच जागी बसली, खिडकीखाली. फोन उजव्या हातात, डावा हात माझ्यासाठी मोकळा. ओठ हलले आणि मी वाचले. हाव, मीच बोलून राहिले, सांगा. नाकात चमकी नाही, पोर अजून लहान, पण ओठांचं वळण तेच. मग ती पुढं जन्मतारीख, पत्ता, सगळं सांगत गेली आणि डाव्या हातानं मला: माणूस आहे, घाईत आहे, खातं उघडतोय.

मग तिचा हात थांबला. तिनं माझ्याकडं बघितलं. "मावशी, तो म्हणतोय, काल कुणी बहिरी बाई तुमच्या नावानं फोन करत होती. दुभाष्यामार्फत. म्हणून खातं थांबवलंय. ती कोण, तुम्हाला माहीत आहे का?"

सेकंद पळत होते, मला दिसत होते. भाची वाट बघत होती. तिनं स्वतःहून उत्तर दिलं नाही, त्याबद्दल मी अजून तिच्यावर चिडते. द्यायचं होतंस की गं. मला कशाला विचारलंस.

मी हातांनी सांगितलं, सांग, माहीत नाही. सांग, फसवणूक असेल.

तिनं सांगितलं. तिकडचा माणूस फार चांगला वागला म्हणे. म्हणाला, मॅडम, काळजी करू नका, आजकाल असे प्रकार लई होतात. त्या बाईबद्दल आम्ही तुमच्या खात्यावर सूचना टाकून ठेवतो. पुन्हा तिचा फोन आला तर कुणी तिला माहिती देणार नाही. आणखी काही मदत? भाचीनं तक्रार नंबर पेनानं तळहातावर लिहून घेतला. सगळं मिळून चार मिनिटं. नंतर ती मला मिठी मारायला आली, मी तिचा तो हात धरून नंबर कागदावर उतरवून घेतला, आणि कागद पदराला बांधला.

मशीन आठ दिवसांत दुरुस्त होऊन आलं. हिरवा दिवा लागला. लेकीनं आधी पंखा ऐकला, मग कुकर, मग माझी शिलाई मशीन, आणि वैतागून म्हणाली, केवढा गोंगाट करता तुम्ही दोघं. दप्तर खुंटीवरून निघालं. शाळेतल्या बाई हसून म्हणाल्या, बरं झालं हो, लवकर झालं. मी मान डोलावली. त्यांच्या ओठांवरून मला नेहमीच सगळं कळतं.

भाचीला मी आईचं सिम जपून ठेव म्हणाले नाही. उलट नोंदवलेला नंबर बदलायला लावला, आता तिथं माझा आहे. ती म्हणाली, मावशी, मग फोन आला की करशील काय? मी म्हटलं, बघू.

आला की. मागच्या आठवड्यात, शाळा सुटल्यावर. लेक जेवायला बसली होती. फोन माझ्या पाटाजवळ थरथरला, तिनं आवाज ऐकून झटकन उचलला. बोलली, ऐकलं, आणि मग फोन कानाला तसाच धरून, उजव्या हातात, डाव्या हातानं मला विचारलं, "कंपनी आहे. तुम्हीच ग्राहक बोलताय का विचारतायत. काय सांगू?"

तो डावा हात बघून माझ्या हातातला घास खाली पडला. हिला हे कुणी शिकवलं? कुणी नाही. लातूरला खिडकीखाली बघितलं होतं तिनं.

मी तिच्या हातातून फोन घेतला. सेकंद पळत होते. मी तोंड उघडलं आणि माझ्या आवाजात, जशी आहे तशी, म्हटलं, हो, मीच बोलते. आत्ता बोलली त्या लेकीची आई बोलते. मशीन चांगलं चालतंय. मी बहिरी आहे, लिहून विचारा.

लेक ताटावरून बघत होती. अकरा सेकंदांनी फोन बंद झाला. दोन मिनिटांनी मेसेज आला: ग्राहकाशी संपर्क होऊ शकला नाही. आपण आमच्या सेवेवर समाधानी आहात असे समजून ही तक्रार बंद करण्यात येत आहे. धन्यवाद.

लेकीनं हात पुसून विचारलं, काय लिहिलंय?

मी म्हटलं, मी खूश आहे असं लिहिलंय. जेव.